शेती आणि अन्नसुरक्षेतील नॅनोतंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅनो म्हणजे नेमके किती लहान?

ढोबळमानाने १ ते १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सर्वसाधारण जिवाणूची लांबी १,००० नॅनोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे हे कण जिवाणूपेक्षाही कितीतरी बारीक. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये सुधारलेल्या व्याख्येत निम्मे किंवा त्याहून जास्त कण या मापात बसले की पदार्थ नॅनो ठरतो. हे निम्मे वजनाने नव्हे, संख्येने मोजायचे. वजनाने मोजले तर चार जाडे कण हजारो बारीक कणांना झाकून टाकतात.

बारीक होण्याचा मुख्य परिणाम म्हणजे पृष्ठभाग वाढणे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. विरघळणे, चिकटणे, रासायनिक क्रिया होणे हे सगळे पृष्ठभागावरच घडते, म्हणून वेग वाढतो. पण एवढा पृष्ठभाग उघडा पडलेले कण एकमेकांनाही चिकटायला टपलेले असतात. खाली सांगितलेल्या निम्म्या अडचणींचे मूळ इथेच आहे.

शेतीत याचा खरा उपयोग कुठे होतो?

जिथे हिशेब ग्रॅममध्ये आहे तिथे: सूक्ष्म अन्नद्रव्ये, कीटकनाशके, बुरशीनाशके, चाचणी पट्ट्या. जिथे हिशेब किलोमध्ये आहे, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, तिथे नुसते कण बारीक करून गरज कमी होत नाही. कोणतेही उत्पादन हातात घेतले की पहिला प्रश्न हाच विचारावा: पिकाला हे किती लागते, आणि या बाटलीत किती आहे?

द्रवरूप नॅनो युरियाची अर्धा लिटरची बाटली युरियाच्या गोणीची जागा घेऊ शकते का?

नत्राच्या वजनाने पाहिले तर नाही. गणित करून बघा. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. भारतात २०२१ मध्ये बाजारात आलेल्या द्रवरूप नॅनो युरियात ४ टक्के नत्र होते, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम. फरक हजारपटीचा आहे. नंतर जास्त टक्केवारीची उत्पादने आली, पण २० टक्के धरले तरी बाटलीत १०० ग्रॅमच होतात.

यावर उत्तर मिळते की जमिनीतला युरिया वाया जातो आणि पानावरचा पूर्ण लागू पडतो. ठीक आहे, तेही मान्य करून पाहू. गोणीतला दोन तृतीयांश नत्र वाया गेला तरी पिकाला सुमारे ७ किलो मिळते. बाटलीतला एकही कण वाया गेला नाही तरी २० ग्रॅम. १२ टक्के प्रथिने असलेल्या एक टन गव्हाच्या दाण्यांतच साधारण २० किलो नत्र असते. म्हणजे २० ग्रॅम नत्र जेमतेम एक किलो दाण्यांपुरते झाले.

साध्या युरियाच्या फवारणीशी तुलनाही करून पाहावी. २ टक्के युरियाच्या द्रावणात लिटरमागे ९.२ ग्रॅम नत्र असते. ४ टक्क्यांचे नॅनो उत्पादन लिटरला ४ मिली टाकले तर ०.१६ ग्रॅम.

मग काही शेतांत युरिया कमी करून नॅनोची फवारणी केली तरी उत्पादन घटत नाही, ते कसे?

बहुतेक वेळा जमिनीत आधीचा नत्र शिल्लक असतो आणि पीक एक-दोन हंगाम त्यावर निघते. श्रेय मात्र फवारणीला जाते. खरे काय ते कळायला तीन प्रकारचे वाफे लागतात: शिफारशीप्रमाणे पूर्ण युरिया, कमी केलेला युरिया आणि नुसत्या पाण्याची फवारणी, कमी केलेला युरिया आणि नॅनोची फवारणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्यातला फरक हाच नॅनोचा परिणाम. हा मधला वाफा नेमका वगळला जातो, आणि मग चाचणीला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक प्रकार शेतात किमान चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी घ्यावा, कडेच्या ओळी मोजणीत धरू नयेत आणि शक्य असेल तर दाण्यातली प्रथिनेही तपासावीत. नत्र कमी पडल्याचे कधी कधी वजनाच्या आधी प्रथिनांत दिसते.

नत्राच्या बाबतीत वेगळा आणि जास्त पटणारा मार्गही आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हायड्रॉक्सिअॅपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाच्या नॅनोकणांवर युरिया बसवलेले खत प्रसिद्ध केले. त्यात युरिया आणि खनिजाचे वजनी प्रमाण ६:१ होते. इथे नत्र किलोतच दिला जातो, कण फक्त तो हळूहळू सुटेल याची काळजी घेतात.

जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचे काय?

इथे गणित जुळते. एक टन धान्यात जस्त साधारण २० ते ४० ग्रॅम असते, आणि तेवढे फवारणीतून देणे सहज शक्य आहे. नेहमीच्या पद्धतीत ०.५ टक्के झिंक सल्फेट फवारतात. नुसते मारले तर पाने करपतात, म्हणून निम्म्या प्रमाणात चुना मिसळतात. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण लगेच विरघळत नाहीत, पानावर बसून थोडे थोडे जस्त सोडतात. त्यामुळे करपण्याचा धोका कमी होतो आणि वजनाच्या मानाने जस्तही जास्त मिळते: झिंक ऑक्साइडमध्ये ८० टक्के, सात रेणू पाणी असलेल्या झिंक सल्फेटमध्ये सुमारे २२.

पण मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. बीजप्रक्रियेत प्रमाण जास्त झाले तर मुळे आखूड आणि जाड राहतात, टोके तपकिरी पडतात. बियाणे भिजवायचे असेल तर आधी थोड्या बियांवर, शेजारी साध्या पाण्यात भिजवलेल्या बिया ठेवून, मुळांची लांबी मोजावी. उगवण टक्केवारी फसवते, कारण खुंटलेले मूळही उगवणीतच मोजले जाते.

कण पानातून आत जातात कसे?

पानावरच्या मेणचट थरातली छिद्रे २ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. त्यातून विरघळलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जातात, २०-५० नॅनोमीटरचा अख्खा कण नाही. अख्ख्या कणाला पर्णरंध्रांची, म्हणजे पानाच्या श्वासाच्या छिद्रांची, वाट धरावी लागते, आणि पुढे पेशीभित्तिकेची छिद्रे पुन्हा अरुंद. म्हणून बऱ्याच उत्पादनांत कण पानावर राहतो आणि त्यातून सुटलेला आयनच आत जातो. त्यात वाईट काही नाही, फक्त जाहिरातीतले चित्र तसे नसते.

फवारताना याचा उपयोग असा: बहुतेक रुंद पानांच्या पिकांत पर्णरंध्रे खालच्या बाजूला जास्त असतात, तेव्हा तुषार खालून लागले पाहिजेत. वेळ सकाळची, पर्णरंध्रे उघडी असतानाची. उन्हाच्या तडाख्यात थेंब वाळतो आणि काम थांबते. शिवाय नुसत्या पाण्याचा पृष्ठताण इतका असतो की ते पर्णरंध्रात शिरतच नाही. लेबलने मनाई केली नसेल तर चिकटद्रव्य घालावे. सिलिकॉनवर आधारलेली चिकटद्रव्ये यात सर्वांत प्रभावी, पण जास्त झाली तर द्रावण पानावरून ओघळून जाते.

टाकीत मिसळल्यावर द्रावण फाटते किंवा गाळ बसतो. का?

कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा भार झाकतात, कण जवळ येतात, गुठळ्या होतात. विद्राव्य खते, सामूतला मोठा बदल, उलट भाराचे औषध यांनीही तेच घडते. चांदीच्या कणांना क्लोराइडयुक्त पाणी चालत नाही, कारण सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन खाली बसते.

गुठळी झाली की कण नॅनो राहत नाही. आपण महागडे साधे औषध फवारत असतो.

टाकी भरण्याआधी काचेच्या बरणीत चाचणी घ्यावी. फवारणीला वापरणार तेच पाणी एक लिटर घ्या. घटक टाकीत जातील त्याच प्रमाणात आणि त्याच क्रमाने घाला: आधी पाण्यात मिसळणाऱ्या भुकट्या, नंतर द्रवरूप निलंबने, मग तेलकट प्रवाही औषधे, शेवटी चिकटद्रव्य. प्रत्येक घटकानंतर ढवळा. दोन दाट औषधे एकमेकांत थेट कधीच ओतू नका. लगेच, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी बरणी उजेडासमोर धरून बघा. कापसासारखे तरंगणारे पुंजके, बुडाशी साका, वर तेलाचा पापुद्रा यांपैकी काहीही दिसले तर मिश्रण टाळा. नॅनोइमल्शनची, म्हणजे पाण्यात तेलाचे अतिबारीक थेंब असलेल्या द्रावणाची, एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: थेंब लहान असतात तोवर द्रावण जवळजवळ पारदर्शक, किंचित निळसर झाक असलेले दिसते. ते दुधासारखे पांढरे झाले की थेंब मोठे झाले. ढवळून ते परत लहान होत नाहीत.

नॅनो कीटकनाशकांची मात्रा कमी चालते, मग फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवसही कमी धरावेत का?

नाही, आणि ही चूक महागात पडते. औषध कायटोसान, पॉलिमर किंवा सच्छिद्र सिलिकाच्या कणात भरण्याचा हेतूच असा की उन्हाने ते लवकर नष्ट होऊ नये आणि सावकाश सुटावे. म्हणजे तेच औषध पानावर जास्त दिवस टिकते. एकूण मात्रा कमी असली तरी काढणीच्या दिवशी शिल्लक किती, हे साध्या प्रकाराच्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्या विशिष्ट उत्पादनाच्या लेबलवर जे दिवस दिले आहेत तेच पाळावेत. दिलेच नसतील तर ते खाण्याच्या पिकावर वापरू नये.

मधमाश्यांच्या बाबतीतही तेच. जास्त टिकणारे औषध म्हणजे जास्त दिवस धोका. औषध भरलेल्या कुप्या परागकणाच्या मापाच्या असतील तर त्या पोळ्यापर्यंत वाहून नेल्या जाऊ शकतात. पण त्या मायक्रो मापाच्या, नॅनो नव्हेत.

या क्षेत्रातले लक्ष ठेवण्याजोगे काम कोणते?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले. चिकणमातीसारख्या पातळ नॅनोपत्र्यांवर विषाणूचे जनुक बंद पाडणारा दुहेरी धाग्याचा आरएनए बसवून तो पानांवर फवारला. नुसता आरएनए पानावर फार टिकत नाही. पत्र्यांवर बसवल्यावर एका फवारणीने विषाणूपासून किमान २० दिवस संरक्षण मिळाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांमुळे पत्रे हळूहळू विरघळतात आणि आरएनए सुटतो, म्हणजे मागे काही साचून राहत नाही.

अन्नतपासणीच्या पट्ट्यांत नॅनो काय असते, आणि निकाल चुकतो कशाने?

पट्टीवरची लाल रेषा म्हणजे सोन्याचे नॅनोकण. बहुधा २० ते ४० नॅनोमीटरचे सोने लाल दिसते, आणि कण एकत्र आले की निळे-जांभळे. या कणांवर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक पदार्थालाच पकडणारी प्रथिने, बसवलेली असतात.

सर्वांत मोठी गफलत निकाल वाचण्यात होते. साल्मोनेलासारखा जिवाणू शोधणाऱ्या पट्टीत चाचणी रेषा दिसली म्हणजे नमुना दूषित. अफलाटॉक्सिन (बुरशीचे विष) किंवा प्रतिजैविकाच्या अवशेषासारखा छोटा रेणू शोधणाऱ्या पट्टीत बरोबर उलट: रेषा दिसली म्हणजे नमुना ठीक, रेषा नाहीशी झाली म्हणजे विष आहे. छोट्या रेणूला दोन प्रतिपिंडे दोन बाजूंनी पकडू शकत नाहीत, म्हणून तिथे स्पर्धेची रचना वापरतात. नमुन्यातले विष सोन्यावरच्या प्रतिपिंडांना आधीच व्यापते आणि रेषेवर चिकटायला कोणी उरत नाही. नियंत्रण रेषा मात्र दोन्हींत उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी बाद.

पण खरे सांगायचे तर चूक बहुधा पट्टीच्या आधीच झालेली असते. अफलाटॉक्सिन धान्यात सारखे पसरलेले नसते, थोड्याच दाण्यांत प्रचंड प्रमाणात असते. ढिगाच्या वरून मूठभर धान्य उचलले तर त्यात तो दाणा येईल की नाही हा निव्वळ जुगार. ढिगाच्या किंवा पोत्यांच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या खोलीवरून थोडे थोडे काढून निदान ५ किलो गोळा करावे आणि सगळे दळून, नीट मिसळून, मग त्यातला छोटा भाग घ्यावा. दळण बारीक हवे, बहुतांश पीठ ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे; भरड असेल तर विष बाहेर येत नाही. अर्क काढायला अनेक संचांत ७० टक्के मिथेनॉल असते. तो संचात सांगितल्याइतका पातळ केला नाही तर मिथेनॉलच प्रतिपिंडे बिघडवतो. वेळ घड्याळ लावून पाळावी, कारण उशिरा वाचलेल्या फिकट रेषेला अर्थ नसतो. दळण्याचे यंत्र दोन नमुन्यांमध्ये साफ केले नाही तर आधीचे विष पुढच्या नमुन्यात येते.

मर्यादा कुठे किती आहे तेही माहीत असावे. अमेरिकेत माणसांच्या अन्नात एकूण अफलाटॉक्सिनला किलोमागे २० मायक्रोग्रॅमची सीमा आहे, युरोपात थेट खाण्याच्या धान्याला ४. २० वर बेतलेली पट्टी ‘ठीक’ म्हणाली म्हणून माल युरोपात चालेल असे नाही.

प्रतिपिंडांशिवाय, नुसता रंग बदलणाऱ्या चाचण्या भरवशाच्या असतात का?

शुद्ध पाण्यात उत्तम, खऱ्या अन्नात बेभरवशाच्या. दुधात भेसळ केलेले मेलामाइन हे रसायन सोन्याच्या कणांना एकत्र आणते आणि लाल रंग निळा होतो, हे खरे. पण नमुन्यातल्या मिठानेही कण एकत्र येतात, आणि उलट प्रथिने कणांभोवती थर धरून रंग बदलूच देत नाहीत. म्हणून दुधातली प्रथिने आधी साकळून वेगळी करावी लागतात. सोबत एक निर्मळ नमुना आणि एक मुद्दाम मेलामाइन मिसळलेला नमुना चालवला नसेल तर निकालावर विसंबू नये.

वेष्टनांत नॅनोकण घालून काय साधते?

चिकणमातीचे पत्रे सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि शेकडो नॅनोमीटर रुंद असतात. प्लास्टिकमध्ये वजनाने २ ते ५ टक्के घातले की ऑक्सिजनला सरळ जाता येत नाही, वळसे घालत जावे लागते. पत्रे नीट सुटे झाले नाहीत तर मात्र गठ्ठ्यांभोवती फटी राहतात आणि वेष्टन आधीपेक्षा वाईट ठरते.

चांदीचे कण जिवाणू मारतात, पण अन्न वेष्टनाला जिथे टेकते तिथेच. शिवाय अन्नातली प्रथिने, गंधक आणि मीठ सुटलेली चांदी अडवतात. आंबट पदार्थांत चांदी जास्त झिरपते. थंड साठवणुकीला हा पर्याय नव्हे.

टायटॅनियम डायऑक्साइडचा थर इथिलीन, म्हणजे फळे पिकवणारा वायू, जाळून फळे टिकवतो असे सांगतात. हा थर ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या, म्हणजे अतिनील प्रकाशातच काम करतो. बंद काळोख्या खोक्यात तो नुसता पांढरा रंग आहे.

अन्नात घालायच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर बंदी आहे का?

देशावर अवलंबून. ई१७१ या नावाने तो पांढरेपणासाठी वापरतात आणि त्यातल्या कणांचा मोठा भाग नॅनो मापाचा असतो. फ्रान्सने २०२० पासून वापर थांबवला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये तो सुरक्षित मानता येत नाही असे मत दिले, कारण जनुकीय हानीची शक्यता फेटाळता आली नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघात बंदी आली. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र २०२३ मध्ये दैनंदिन मर्यादा घालण्याची गरज नाही हे जुने मत कायम ठेवले. मतभेद प्रामुख्याने पुराव्याच्या वजनाबद्दल आहे: एका बाजूने शंका उरली म्हणून नकार दिला, दुसरीने तोंडावाटे शोषण अत्यल्प असते यावर भर दिला.

अन्नात नॅनोघटक आहे हे लेबलवरून कळते का?

युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून मुद्दाम बनवलेल्या नॅनोघटकाच्या नावापुढे कंसात ‘नॅनो’ लिहावे लागते. हे सर्वत्र बंधनकारक नाही. दुधातले केसीन या प्रथिनाचे पुंजकेही ५० ते काहीशे नॅनोमीटरचे असतात, पण ते नैसर्गिक असल्याने त्यांना हा नियम लागत नाही.

कणांचा आकार सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा?

प्रकाश विखुरण्यावर आधारलेल्या मोजणीत विखुरण व्यासाच्या सहाव्या घातात वाढते. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. थोडी धूळ पडली तरी सरासरी फुगते. म्हणून एकच सरासरी आकडा पुरेसा नाही; वितरणाचा आलेख आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र मागावे. कणांवरील भार अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर, आणि भारावरच कण सुटे राहत असतील तर, निलंबन सहसा टिकते. मोजणी शुद्ध पाण्यात झाली की शेतातल्या पाण्यात, हे विचारायला विसरू नये.

जमिनीत गेलेल्या कणांचे पुढे काय होते?

पदार्थावर ठरते. झिंक ऑक्साइड विरघळते आणि जस्त मातीत मिसळते. चांदी गंधकाशी जुळून सिल्व्हर सल्फाइड होते, ते फारसे विरघळत नाही म्हणून कमी विषारी. टायटॅनियम आणि सेरियमची ऑक्साइडे तशीच पडून राहतात आणि दर हंगामी साठत जातात. न विघटणारे कण वर्षानुवर्षे त्याच शेतात टाकणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

पानांच्या अर्कापासून घरी चांदीचे नॅनोकण बनवून फवारावेत का?

नको. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क घातला की रंग तपकिरी होतो, पण रंगावरून किती चांदी कण झाली आणि किती नायट्रेट तसेच राहिले ते समजत नाही. प्रत्येक खेपेचा माल वेगळा निघतो.

हाताळताना काय जपायचे?

फवारणीपेक्षा कोरडी भुकटी जास्त धोक्याची. फवाऱ्याचे थेंब शंभर मायक्रोमीटरच्या पुढचे असतात आणि कण त्यातच अडकलेले असतात. भुकटी मात्र हवेत तरंगते आणि फुप्फुसात खोल जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हवेतली मर्यादा साध्या भुकटीला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म भुकटीला ०.३ मिलिग्रॅम सुचवली. पदार्थ तोच, मर्यादा आठपट कडक.

एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क चालतो. ०.३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण गाळणीतून निसटतात हा गैरसमज आहे. अतिसूक्ष्म कण सैरावैरा हलतात आणि तंतूंवर आदळून चिकटतात. गाळणीला सर्वांत अवघड जातात ते मधल्या मापाचे. गळती होते ती कडेच्या फटीतून. दाढी असेल तर मास्क बसत नाही. सांडलेली भुकटी झाडूने लोटू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

उरलेल्या द्रावणाचे आणि बाटल्यांचे काय करायचे?

तयार द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कण तोवर एकत्र येतात. लागेल तेवढेच बनवावे. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, नाल्यात किंवा विहिरीजवळ नाही. न उघडलेली बाटली सावलीत ठेवावी आणि गोठू देऊ नये. गोठून वितळलेले नॅनोइमल्शन वरून बरे दिसले तरी पाण्यात घातल्यावर निळसर झाक न येता थेट पांढरे होत असेल तर ते फवारू नये.